रात्री दोनच्या रांगेआधी: विदर्भातल्या गावाकडच्या पोरांसाठी अग्निवीर भरतीची तयारी

भरतीची जाहिरात आली की आपल्याकडचा पोरगा पहिलं काम काय करतो, तर बूट घेतो. दुसऱ्या दिवशी पहाटे रोडवर पळायला लागतो. कागदांची आठवण होते प्रवेशपत्र हाती आल्यावर. कान, दात, पाय यांची आठवण तर थेट लष्करी डॉक्टरसमोर उभं राहिल्यावर होते. माझं म्हणणं एवढंच की हा क्रम उलटा करा. जे दुरुस्त व्हायला जास्त वेळ लागतो, ते आधी हातात घ्या. पळण्याचा दम तीन महिन्यांत तयार होतो. मार्कशीटवर चुकलेलं बापाचं नाव तेवढ्या वेळात बदलून मिळेलच असं नाही.

आधी प्रक्रिया नीट समजून घ्या

जुने लोक सांगतात ती भरती आता राहिली नाही. पूर्वी आधी मैदान, म्हणजे पळणं-पुलअप्सची शारीरिक चाचणी असायची आणि लेखी परीक्षा शेवटी. २०२३ पासून उलटं झालं आहे: आधी संगणकावरची सामायिक प्रवेश परीक्षा, ती पास झालेल्यांनाच मैदानावर बोलावणं. नोंदणी फक्त 'जॉइन इंडियन आर्मी' या सरकारी संकेतस्थळावर होते आणि उमेदवाराला परीक्षेचे २५० रुपये भरावे लागतात. जनरल ड्युटीला, म्हणजे साध्या सैनिकाच्या पदाला, एका तासात ५० प्रश्न, १०० गुण, आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापले जातात. २०२५ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते. हिंदी प्रश्न वाचताना अडखळणाऱ्या पोरांची त्यामुळे मोठी सोय झाली. नोंदणी करतानाच भाषा निवडावी लागते, ती सायबर कॅफेवाल्याच्या मर्जीवर सोडू नका.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती, अकोला, यवतमाळ आणि वाशीम हे दहा जिल्हे नागपूरच्या सेना भरती कार्यालयाकडे येतात. बुलढाण्याचा पोरगा मात्र छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयाखाली येतो. मलकापूर-खामगावकडच्या पोरांनी नागपूरच्या भरती मेळाव्याची बातमी वाचून गाडी पकडू नये. तुमचा अधिवास ज्या जिल्ह्यातला, त्याच कार्यालयाचा मेळावा तुमचा.

उंची आज संध्याकाळीच मोजू नका, उद्या सकाळी उठल्यावर मोजा. दिवसभरात माणूस थोडा दबतो. आपल्या भागासाठी जनरल ड्युटीला १६८ सेंटिमीटर उंची आणि ७७ सेंटिमीटर छाती लागते, ती पाच सेंटिमीटर फुगली पाहिजे. क्लार्क पदाला १६२ उंची चालते. मान्यताप्राप्त आदिवासी भागातल्या आदिवासी उमेदवारांना उंचीत सूट आहे. माजी सैनिकांच्या मुलांनाही थोडी सूट मिळते, त्यासाठी नात्याचा दाखला वडिलांच्या रेकॉर्ड ऑफिसकडून यावा लागतो. १६६ उंचीचा पोरगा वर्षभर जनरल ड्युटीसाठी पळत राहतो आणि पहिल्याच आडव्या पट्टीखालून बाहेर पडतो. दहा मिनिटांच्या मोजणीने हे वर्ष वाचतं. वयाची मर्यादा अधिसूचनेत जन्मतारखांमध्येच दिलेली असते. मित्राच्या तोंडी हिशोबावर न जाता ती तारीख स्वतः वाचा.

नावाचा घोळ

आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर क्रम उलटा असतो. हा फरक सगळ्या महाराष्ट्राचा आहे आणि तपासणाऱ्यांना तो माहीत असतो. अडचण येते ती स्पेलिंगची. ज्ञानेश्वर एका कागदावर 'डी-एन-वाय'ने सुरू होतो, दुसऱ्यावर 'जी-वाय'ने. आईचं नाव आधारवर 'लता' आणि मार्कशीटवर 'लताबाई'. वडिलांच्या नावामागे एका ठिकाणी 'राव' लागलेलं, दुसऱ्या ठिकाणी नाही. जन्मतारखेत १ जून की १ जुलै, हा गुरुजींनी पहिलीत घातलेला घोळ तर वेगळाच.

सैन्यासाठी प्रमाण मानायचं ते दहावीच्या मार्कशीटवरचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख. म्हणून एक दिवस बसा आणि मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, बँक पासबुक, जातीचा दाखला, अधिवास हे सगळं ओसरीवर शेजारी शेजारी मांडा. एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. आधार, पॅन आणि बँक दुरुस्त करणं सोपं. म्हणून चूक मार्कशीटमध्ये नसेल तर बाकीचे कागद मार्कशीटप्रमाणे करून घ्या. चूक मार्कशीटमध्येच असेल तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जावं लागतं: पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी नागपूर, वऱ्हाडातल्या पाच जिल्ह्यांसाठी अमरावती. मुख्याध्यापकांचा अर्ज, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जुने दाखले असं सगळं लागतं आणि वेळ जातो. हे काम सोयाबीन पेरायच्या आधी सुरू केलं तर कापूस वेचणीपर्यंत हातात काहीतरी येईल, अशा हिशोबाने चला.

आधारला मोबाइल जोडलेला हवा, आणि नंबर तुमच्याच फोनमधला हवा. काकांच्या नंबरवर ओटीपी जातो आणि काका बैलबाजारात असतात, ही गोष्ट विनोदी वाटते, पण नोंदणीच्या शेवटच्या दिवशी नाही.

डॉक्टर जे तपासतील, ते आधी तुम्ही तपासा

या भागावर मी जास्त लिहिणार आहे, कारण मैदान मारलेली पोरं इथे गळतात. त्यातल्या कित्येक गोष्टी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आधीच कळू शकतात.

पायापासून सुरू करा. पाय ओला करून कोब्यावर किंवा फरशीवर ठेवा. तळव्याच्या मधल्या कमानीची जागा कोरडी राहिली तर ठीक. पूर्ण तळवा उमटला तर सपाट पायाची शंका आहे, ती हाडाच्या डॉक्टरकडून तपासून घ्या. दोन्ही घोटे जोडून सरळ उभे राहा. गुडघे एकमेकांना घासत असतील आणि घोटे जुळतच नसतील तर गुडघ्याचा दोष धरला जातो. हात सरळ खाली सोडल्यावर कोपरातून हात फार बाहेर वळतो का, तेही पाहतात. अनवाणी शेतात फिरणाऱ्यांच्या तळव्याला कुरूप असतं. ते ब्लेडने कापत बसू नका, डॉक्टरकडून काढा आणि जखम भरायला वेळ द्या.

कान. मळाने भरलेला कान असेल तर पडदा दिसत नाही, आणि पडदा दिसला नाही तर डॉक्टर पुढे जात नाहीत. काडी, किल्ली, बाजारातला कान साफ करणारा यांतलं काहीही नको. ग्रामीण रुग्णालयात मळ नरम करायचे थेंब देतात आणि काही दिवसांनी कान धुऊन देतात. भंडारा-गोंदियाकडची तलावात पोहत मोठी झालेली पोरं, लहानपणी कान वाहायचा असेल तर लपवू नका. पडद्याला छिद्र असेल तर ते आता कळलेलं बरं.

दात आणि खर्रा. आपल्याकडे पोट्टे दहावीतच खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटायला शिकतात, हे सगळ्यांना माहीत आहे आणि घरचे दुर्लक्ष करतात. सैन्यात दातांना गुण असतात आणि किमान १४ भरावे लागतात. किडलेली दाढ भरून घेतली तर ती मोजली जाते, पडलेली मोजली जात नाही. सुपारीने तोंड आखडतं, तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर लगेच दंतवैद्याकडे जा. खर्रा सोडायचा तर आजच सोडा. भरतीच्या आठवड्यात सोडला तर झोप उडते, चिडचिड होते आणि ती पळताना दिसते.

गजकर्ण हा आपला जुना सोबती. ओल्या कपड्यांत दिवसभर डवरणी-निंदण केलं की जांघेत, कमरेला येतोच. मेडिकलवाल्याकडून मिळणाऱ्या मिश्र मलमात स्टेरॉइड असतं. चार दिवस आराम पडतो आणि मग तो दुप्पट पसरतो. त्वचेच्या डॉक्टरकडून पूर्ण औषध घ्या, यात महिना-दोन महिने सहज जातात. घरातल्या सगळ्यांचे कपडे गरम पाण्यात धुवा, नाहीतर भावाकडून परत येईल.

हायड्रोसील, मूळव्याध, नाकाचं वाकडं हाड, अंडकोषाच्या शिरा फुगणं या गोष्टी पोरं लाजेने सांगत नाहीत. लष्करी डॉक्टर कपडे काढून तपासतात, तिथे लपत नाही. शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती अशा वेळी करा की जखम पूर्ण भरून पळता येईल. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. डोळ्यांसाठी जिल्हा रुग्णालयात दृष्टी आणि रंगज्ञान दोन्ही तपासून घ्या. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा दिसत नसेल तर त्याला इलाज नाही, पण वर्ष वाया जाण्याआधी कळेल.

एक गोष्ट खास आपल्या विदर्भाची: सिकलसेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून नागपूरपर्यंत हा आजार बऱ्याच घरांत आहे. अनेक पोरांना आपण वाहक आहोत हेच माहीत नसतं. शरीरात पाणी कमी आणि जोराचं पळणं हे वाहकालाही धोक्याचं ठरू शकतं. आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी नावाची रक्ताची साधी तपासणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर पक्की तपासणी होते. सराव सुरू करायच्या आधी ती करा आणि त्याच वेळी हिमोग्लोबिनही पाहा. रिपोर्ट आला की सरावाचं कसं काय ते डॉक्टरला विचारून ठरवा.

गोंदणाचा नियम सोपा आहे. कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतं, बाकी अंगावर नाही. दंडावर 'महाकाल', छातीवर 'आई', मानेवर पोरीचं नाव असेल तर अडचण आहे. आदिवासी परंपरेतल्या गोंदणाचा वेगळा विचार होतो. यात्रेत गोंदवून घ्यायची हौस असेल तर भरती होईपर्यंत दाबून ठेवा.

पळणं आणि बीम

२०२५ च्या भरतीत १६०० मीटरचे गट असे होते: साडेपाच मिनिटांच्या आत ६० गुण, ५ मिनिटं ४५ सेकंदांपर्यंत ४८, सहा मिनिटांपर्यंत ३६, सव्वासहापर्यंत २४. बीमला, म्हणजे आडव्या दांडीला लटकून काढायच्या, दहा पुलअप्सचे ४०, नऊचे ३३, आठचे २७, सातचे २१, सहाचे १६. नऊ फुटांची खंदक-उडी आणि वाकड्यातिकड्या पट्टीवरचा तोल यांना गुण नाहीत, फक्त पार करायचं.

हे आकडे नीट बघा. साडेपाचला एक सेकंद उशीर झाला की १२ गुण गेले. दहावा पुलअप राहिला की ७ गेले. गुणवत्ता यादीत लेखी आणि मैदान दोन्ही मोजतात, म्हणून 'पास झालो' म्हणून समाधान मानणारा पोरगा मागे राहतो. साडेपाच मिनिटं म्हणजे चारशे मीटरचा एक फेरा साधारण ८२ सेकंदांत, तोही सलग चार वेळा. घड्याळ लावून एकच फेरा ८२ मध्ये मारून पाहा, मग अंदाज येईल की काय मागितलं जातंय.

गावात ट्रॅक नसतो. राज्य महामार्गाच्या कडेला अंधारात पळणं बंद करा. उसाचा ट्रक, रेतीचा टिप्पर, कुणालाही काळ्या टीशर्टातला पोरगा दिसत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान लांब टेपने मोजा आणि चुन्याने २०० मीटरची फेरी आखा. मोबाइलचा जीपीएस छोट्या गोल मैदानावर थापा मारतो. पावसाळ्यात काळी माती बुटाला चिकटून पायात दगड बांधल्यासारखं होतं. त्या दिवसांत गावातला मुरमाचा पांदण रस्ता बरा.

बारा आठवड्यांचा हिशोब असा धरा. आठवड्यातून एक दिवस पाच-सहा किलोमीटर हळू, बोलता येईल इतक्या वेगाने. एक दिवस चारशेचे सहा ते आठ फेरे ८५ सेकंदांच्या आसपास, मध्ये दोन मिनिटं चालणं. एक दिवस दोनशेचे जोरदार फेरे. एक दिवस तीन किलोमीटर मध्यम वेगाने. उरलेल्या दिवसांत बीम, पोटाचे व्यायाम, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. दर दोन आठवड्यांनी पूर्ण १६०० वेळ लावून पळा आणि वहीत लिहा. रोज १६०० जीव तोडून पळणारी पोरं दोन महिन्यांत नडगी दुखते म्हणून घरी बसलेली दिसतात. एप्रिल-मे असेल तर सकाळी सातच्या आत आवरा. आपल्याकडचं ऊन पारा ४५ च्या वर नेतं, तिथे जिद्द दाखवायची नाही.

बीमसाठी लोखंडी पाइप दोन खांबांमध्ये पक्का बांधा, कडुनिंबाची फांदी कधी तुटेल सांगता येत नाही. पुलअप निघत नसेल तर आधी नुसतं लटका. मग स्टूलवरून वर जाऊन हनुवटी बीमवर ठेवा आणि सावकाश पाच मोजत खाली या. खाली आल्यावर हात पूर्ण सरळ होऊ द्या. अर्ध्या हाताने वर-खाली केलेले मैदानावर मोजत नाहीत, आणि पाय हलवून झोका घेतलेलेही नाहीत. सराव पळून आल्यावरही करा, कारण भरतीत पळून आल्यावर दमलेल्या हातांनीच बीम धरायचा असतो. नऊ फुटांच्या उडीसाठी शेतात माती भुसभुशीत करून दोन रेषा आखा. खऱ्या नालीवर सराव करून घोटा मुरगळून घेऊ नका.

ताकदीची इंजेक्शनं, 'घोड्याचं औषध', अकादमीतल्या दादाने दिलेली गोळी, यातलं काहीही घेऊ नका. सैन्याचे नियम ते चालवून घेत नाहीत, आणि आपलं हृदयही नाही.

मार्गदर्शन हवं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. महाज्योती आणि बार्टी या राज्य सरकारच्या संस्थांनी आपापल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी सैन्य-पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षण चालवलं आहे, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. खासगी अकादमीत गेलात तरी मूळ कागद तिथे जमा करू नका. फी राहिली म्हणून मार्कशीट अडवून ठेवल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात.

दाखले: फार लवकरही नको, फार उशिरा तर नकोच

सरपंचांचा चारित्र्याचा दाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो. फोटो तीन महिन्यांच्या आतला. म्हणून हे मागच्या वर्षीचे काढून ठेवलेले चालत नाहीत. अधिवास आणि जातीचा दाखला मात्र आधीच काढता येतो आणि काढावाच. अधिवास सेतूतून किंवा आपले सरकार केंद्रातून तहसील कार्यालयाकडे जातो. जातीचा दाखला आपल्याकडे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीने मिळतो.

घोळ इथे होतो तो फोटोचा. सैन्याला अधिवास, जात, सरपंचांचे दाखले यांवर उमेदवाराचा फोटो आणि त्यावर सही-शिक्का हवा असतो. ऑनलाइन निघालेल्या प्रतीवर फोटो नसेल तर तो चिकटवून त्यावर कार्यालयाचा शिक्का असा मारून घ्या की अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर येईल. अधिसूचनेच्या शेवटी प्रत्येक दाखल्याचा नमुना दिलेला असतो. तो छापून सरपंचांकडे आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे न्या. आपल्या ग्रामपंचायतीचा जुना 'सदर इसम माझ्या ओळखीचा असून' वाला नमुना बरेचदा अपुरा पडतो.

बाकी यादी लगेच सांगतो: दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट व प्रमाणपत्रं, शाळा किंवा कॉलेजच्या मुख्याध्यापक-प्राचार्यांचा चारित्र्य दाखला, पोलिसांचा चारित्र्य दाखला, जातीच्या दाखल्यात धर्म लिहिलेला नसेल तर धर्माचा दाखला, अधिसूचनेतल्या नमुन्याप्रमाणे नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन, स्वतःच्या नावाचं बँक खातं, असतील तर एनसीसी आणि खेळाची प्रमाणपत्रं. एनसीसीला जादा गुण मिळतात, त्यामुळे प्रमाणपत्र कॉलेजच्या कपाटात पडलं असेल तर आणा. ऑनलाइन डाउनलोड केलेली मार्कशीट असेल तर तिच्यावर संस्थाप्रमुखांची शाईची सही लागते. प्रत्येक कागदाच्या दोन साक्षांकित झेरॉक्स. पोलीस दाखल्याला ऑनलाइन अर्ज होतो, पण चौकशी गावात येते, तेव्हा पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा.

फोटो वीस प्रती काढा: पांढरी पार्श्वभूमी, दाढी केलेली, केस बारीक, टोपी-गमछा नाही, आणि संगणकावर कोट चढवलेला तर अजिबात नाही. आपल्या स्टुडिओवाल्यांना गोरं करायची फार हौस, त्यांना तसं स्पष्ट सांगा.

प्रवेशपत्र, पिशवी आणि प्रवास

प्रवेशपत्र चांगल्या कागदावर लेझर प्रिंटरवर पूर्ण आकारात छापा. वर-खाली कापलेलं किंवा लहान केलेलं नको. त्यावरची तारीख आणि वेळ दोनदा वाचा. '१२ तारीख, रात्री १ वाजता' म्हणजे ११ तारखेची रात्र. बारा तारखेला सकाळच्या एसटीने निघालेला पोरगा पोहोचेपर्यंत त्याचा तालुका पळून झालेला असतो.

सिरोंच्याहून नुसतं गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर. भामरागड-एटापल्लीची पोरं एकाच दिवसात नागपूर गाठून पळणार असतील तर पाय आधीच मेलेले असतील. दोन दिवस आधी निघा. नागपूरला मानकापूरच्या क्रीडा संकुलात याआधी भरती झाली आहे, पण ठिकाण दरवेळी प्रवेशपत्रावरच पाहा. मुक्कामासाठी ओळखीचं घर, समाजाचं वसतिगृह, नाहीतर चार पोरांनी मिळून साधी खोली. स्टेशनच्या फलाटावर डास आणि चोर दोन्ही असतात, कागदांची पिशवी उशाला घेऊनही भरवसा नाही.

पिशवीत कागदांची फाइल वेगळी प्लॅस्टिकमध्ये, पळायचे कपडे, सराव केलेलेच बूट, टॉवेल, स्वच्छ अंतर्वस्त्र, पेन, गोंद, पाण्याची बाटली, केळी, चणे-गूळ, ओआरएसची पाकिटं आणि थंडीच्या दिवसांत चादर. फोन पूर्ण चार्ज आणि डेटा भरलेला हवा, कारण मैदानानंतर फोनवर घेतली जाणारी अनुकूलता चाचणी असते, सैन्याच्या वातावरणात तुम्ही जुळवून घ्याल का ते पाहणारी. छोटी पॉवर बँक असेल तर ठेवा.

आदल्या रात्री घरून आणलेली भाकरी-वरण किंवा भात-वरण, तेही संध्याकाळी सातच्या आसपास. नागपुरात आलो म्हणून तर्री पोहे आणि सावजी निकाल लागल्यावर खा. पळायच्या तासभर आधी एखादं केळ, थोडं पाणी. जाहिरातीतलं एनर्जी ड्रिंक त्या रात्री पहिल्यांदा पिऊन पाहायचं नसतं.

गेटपासून शेवटच्या रेषेपर्यंत

गेटवर प्रवेशपत्र आणि आधार तपासतात, बोटांचे ठसे घेतात, उंचीची चाळणी होते. मग गट करून बसवतात. तासन्‌तास बसावं लागतं. या वेळात झोपू नका, पण बडबडही नको. जमिनीवर बसून पाय आखडतात, दर थोड्या वेळाने घोटे फिरवा. जवानांनी सांगितलेलं एकदाच ऐका. रांगेत ढकलाढकली करणाऱ्याला बाहेर काढतात आणि तिथे कुणाचा वशिला चालत नाही.

सुरुवातीच्या रेषेवर गर्दी असते. मागे राहिलात तर पहिल्या वळणावर बाहेरून पळावं लागतं, आणि बाहेरून म्हणजे जास्त अंतर. म्हणून पहिला फेरा थोडा जोरात, ८० सेकंदांच्या आसपास. दुसरा आणि तिसरा ८४-८४. शेवटच्या फेऱ्यात परत ८०. बेरीज ५ मिनिटं २८ सेकंद. हे सरावात शंभरदा केलेलं असेल तरच त्या रात्री जमतं. कुणी पडला तर उडी मारून पुढे जा, मागे वळू नका. रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका. हात वर घेऊन चाला, सांगितलेल्या रांगेत जा.

बीमला लगेच नंबर लागला तर तळहात मातीने कोरडे करा. घाम फार येणाऱ्यांनी छोटा रुमाल जवळ ठेवावा. मोजणारा जोराने आकडा म्हणतो. त्याने म्हटलेलाच खरा, तुम्ही मोजलेला नाही. वाद घालू नका.

मग उंची, वजन, छातीचं मोजमाप. छाती फुगवताना खांदे वर ओढू नका, श्वास आत घेऊन बरगड्या उघडा. हाही सराव घरी टेपने होतो, पाच सेंटिमीटर सहज न वाटणाऱ्यांनी रोज करावा. त्यानंतर कागद. मागतील तोच कागद द्या, पूर्ण फाइल टेबलावर उलटी करू नका.

मुलींची भरती लष्करी पोलीस दलात अग्निवीर म्हणून होते आणि तिचा मेळावा वेगळा असतो. १६२ सेंटिमीटर उंची, १६०० मीटर पळणं, दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी. वर सांगितलेलं कागद आणि तब्येतीचं सगळं त्यांनाही लागू. घरच्यांनी सोबत एक जण पाठवावा, पण मैदानाच्या आत तो येणार नाही हे मुलीला आधीच माहीत असावं.

मैदानाबाहेर आणि गावातही कुणीतरी भेटेल, 'साहेब आपला माणूस आहे, दोन लाखांत काम होतं' म्हणणारा. भरतीला पैसे लागत नाहीत. तो दहा पोरांकडून घेतो, त्यातली दोन आपल्या दमावर लागतात, त्यांचे ठेवून घेतो आणि बाकीच्यांना 'पुढच्या वेळी' सांगतो. शेत गहाण ठेवून पैसे दिलेल्यांना परत मिळत नाहीत. अशा माणसाची तक्रार मैदानावरच्या अधिकाऱ्याकडे किंवा पोलिसांत करा.

वैद्यकीय तपासणी आणि नंतरचं

मैदान पार केलेल्यांची वैद्यकीय तपासणी लगेच किंवा पुढच्या दिवशी होते. परतीचं तिकीट त्या हिशोबाने काढा. रात्री झोपा, पाणी प्या. नखं कापलेली, अंघोळ केलेली, अंतर्वस्त्र स्वच्छ. रक्तदाब धाकाने वाढतो, तेव्हा आत जाण्याआधी दहा मिनिटं शांत बसा आणि चहा-खर्रा काही नको. डॉक्टर विचारतील त्याचं खरं उत्तर द्या. आधीच्या शस्त्रक्रियेचा कागद असेल तर दाखवा.

'अनफिट' म्हटलं म्हणून तिथूनच रडत घरी निघू नका. बऱ्याच कारणांसाठी लष्करी रुग्णालयात तज्ज्ञांकडून फेरतपासणी मिळते. आपल्याकडच्यांना कामठीच्या लष्करी रुग्णालयाचं नाव ऐकू येतं. कुठे आणि कधीपर्यंत जायचं ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. ती मुदत फार लांबची नसते आणि ती चुकली की संधी गेली. मळ, गजकर्ण, दात अशी कारणं असतील तर त्याच दिवशी इलाज सुरू करा. सही करण्याआधी कारण काय लिहिलंय ते विचारून घ्या आणि वहीत जसंच्या तसं लिहून ठेवा, घरी येऊन डॉक्टरला दाखवायला तेच लागतं.

निकाल संकेतस्थळावर लागतो. नोंदणीत दिलेला मोबाइल नंबर आणि ईमेल तोपर्यंत चालू ठेवा. रिचार्ज संपून सिम बंद पडलेलं, किंवा ईमेलचा पासवर्ड कॅफेवाल्याकडेच राहिलेला, असं होऊ देऊ नका. मूळ कागद परत त्याच प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घाला, जवळ दोन झेरॉक्सचे संच ठेवा, आणि जॉइनिंगचं बोलावणं येईपर्यंत लग्नसराईत डीजेपुढे नाचून गुडघा दुखवून घेऊ नका.